पाच हजार किलोमीटरचा आकडा आला कुठून?

आमच्या शिक्षक मित्रमंडळात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून त्यांच्या दारात उभी आहे. गाडी त्यांनी फार जपली. पेट्रोल कधी भरले, हवा कधी पाहिली, ऑइल कधी बदलले याची एक वहीच त्यांनी ठेवली आहे. निवृत्तीनंतर मात्र गाडीला काम उरले नाही. रविवारी मंडईपर्यंत, एखाद्या संध्याकाळी देवळापर्यंत. जाऊन-येऊन चार किलोमीटर.

गेल्या हिवाळ्यात इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. मेकॅनिकने टॅपेट कव्हर उघडले, तर आत काळपट-पिवळा, लोण्यासारखा थर बसलेला.

"सर, ऑइल कधी बदललं होतं?"

"अहो, अजून पाच हजार कुठे झालेत? जेमतेम बावीसशे किलोमीटर झालेत."

"किलोमीटर राहू द्या. वर्षं किती झाली?"

सरांनी वही काढली. तीन वर्षे आणि दोन महिने.

इंजिन उतरवावे लागले. कॅमची बोंडे झिजली होती, तेल वाहून नेणाऱ्या वाटा चिकट्याने अरुंद झाल्या होत्या. खर्च झाला तो झालाच. पण सरांना बोचत होते ते वेगळेच. "मी नियम मोडला असता तर वाईट वाटलं नसतं. मी नियम पाळला, आणि तरी इंजिन गेलं."

त्यात दुसरा पेच. दुरुस्तीनंतर कोणते ऑइल घालायचे? मेकॅनिक म्हणाला, २०डब्ल्यू-५०. दुकानदार म्हणाला, आता सगळे सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घेतात, महागाचे आहे पण चांगले आहे. गाडीबरोबर मिळालेल्या जुन्या पुस्तिकेतल्या दर्जाच्या खुणा आजच्या डब्यांवर दिसतच नव्हत्या. सरांनी हा प्रश्न मंडळात मांडला आणि आम्ही उत्तर शोधू लागलो. लवकरच लक्षात आले की दुकानातल्या डब्यावरचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अक्षर हे कधीतरी कुणाला तरी पडलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न विसरला गेला, उत्तर तेवढे राहिले. म्हणून आधी ते प्रश्न पाहू.

एरंडेलापासून खनिज तेलापर्यंत

वंगण हा शब्द आपल्याला बैलगाडीने दिला. आसाला वंगण घातले नाही तर गाडी करकरते, बैल दमतो आणि आस झिजतो, हे शेतकऱ्याला शाळेत न जाता माहीत होते. जगभर हे काम वनस्पतींची तेले आणि प्राण्यांची चरबी करीत असत. वाफेच्या इंजिनांतही सुरुवातीला चरबीच वापरली जाई. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकने विहीर खणून खनिज तेल काढले, आणि त्यानंतर खनिज वंगणतेल स्वस्तात मिळू लागले.

तरी एरंडेल लगेच मागे पडले नाही. ते गरम झाले तरी फार पातळ होत नाही आणि धातूला चिकटून राहते. १८९९ साली चार्ल्स वेकफील्ड यांनी लंडनमध्ये सुरू केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये एक तेल बाजारात आणले. त्यात एरंडेलाचा अंश होता, म्हणून एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून त्याचे नाव कॅस्ट्रॉल पडले. पहिल्या महायुद्धातील (१९१४-१८) ज्या विमानांची इंजिने स्वतःच गरगर फिरत, त्यांतही एरंडेलच असे. कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. परंतु एरंडेलाला एक खोड आहे. हवा आणि उष्णता यांच्या संगतीत काही काळ राहिले की ते चिकट होऊन डिंकासारखे बसते. तेल 'जुने होते' म्हणजे काय, याचा हा पहिला धडा.

उडालेले बूच

वंगण नेमके करते काय? दोन धातूंच्या मधे ते गुळगुळीत थर देते, एवढे उत्तर विद्यार्थी देतात. १८८० च्या सुमारास अभियंत्यांचे उत्तरही याहून फार पुढे गेलेले नव्हते. ते पुढे नेले एका उडालेल्या बुचाने.

इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बीचम टॉवर यांच्याकडे सोपवले होते. रेल्वेच्या डब्याचा आस ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तशी मांडणी त्यांनी केली. आस खाली तेलात बुडलेला आणि वर बेअरिंगचा अर्धा भाग. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल खाली जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. टॉवर यांनी बूच बसवले. बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तेथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता. दाबमापकाचा काटा २०० च्याही पलीकडे गेला.

टॉवर यांचा पहिला अहवाल १८८३ साली आला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो, आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत ते कोंबतो. तेथे इतका दाब तयार होतो की आस अक्षरशः तेलावर तरंगतो. धातू धातूला शिकतच नाही. पावसात भरधाव गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात आणि गाडी घसरते, ती हीच गोष्ट. रस्त्यावर जे संकट, तेच बेअरिंगमध्ये वरदान.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या प्रश्नाला लागू आहेत. पहिली, तरंगण्यासाठी वेग आणि तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, दोन्ही लागतात. फार पातळ तेल फटीतून निसटून जाईल; फार दाट तेल ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाईल. दुसरी, जेथे वेग कमी आणि दाब फार, तेथे हा तरंग टिकत नाही. इंजिन चालू करण्याचा पहिला क्षण हा असा असतो. आणि जुन्या इंजिनातील कॅम व टॅपेट यांची जागा तर कायमच अशी असते. सरांच्या गाडीत नेमकी तीच झिजली होती.

घर्षण, झीज आणि वंगण या तिघांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी हे नाव मिळाले ते १९६६ साली ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालातून. या ज्ञानाचा नीट वापर केला तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्या समितीचा अंदाज होता.

तेल बदलायचे कशासाठी?

आता मोटारीकडे वळू. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. चेंबरमधले तेल फिरणारे भाग उडवीत आणि ते जाईल तेथे जाई. रस्ते धुळीचे, आणि ती धूळ इंजिनात शिरे. दट्ट्याच्या रिंगा आजच्याइतक्या घट्ट बसत नसत, त्यामुळे ज्वलनातले वायू, काजळी आणि न जळलेले पेट्रोल खाली तेलात उतरे. साहजिकच, १९२० च्या आसपासच्या वाहनांचे तेल पाचशे ते हजार मैलांना बदलावे असा सल्ला सर्रास दिला जाई.

१९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल यांची तेलाची गाळणी आली. 'शुद्ध तेल नंतर' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द जोडून तिचे नाव प्युरोलेटर ठेवले होते. पुढे हवेच्या गाळण्या सुधारल्या, रस्ते डांबरी झाले आणि तेलही सुधारले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत तीन हजार मैल हा आकडा दिसू लागतो. तीन हजार मैल म्हणजे ४,८२८ किलोमीटर. गोळाबेरीज केली की पाच हजार. भारतात दशमान पद्धत आल्यानंतर मैलांचे किलोमीटर झाले. गॅरेजमधल्या आपल्या पाच हजाराची जन्मकथा यापेक्षा फार वेगळी असेल असे आम्हाला वाटत नाही.

हा आकडा निसर्गनियम नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. त्या काळचे तेल, त्या काळचे पेट्रोल, त्या काळचे रस्ते आणि रोज बऱ्यापैकी धावणारी गाडी, या सर्वांची ती सरासरी होती. यांपैकी एखादी बाब बदलली की आकडा बदलायला हवा.

डब्यावरचे आकडे

'पातळ', 'मध्यम', 'दाट' एवढे शब्द पुरेनात, म्हणून अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) १९११ साली तेलांची श्यानतेनुसार प्रतवारी सुरू केली. तिची सुधारलेली आवृत्ती आजही डब्यावर असते. अनेकांना हे आकडे तापमानाचे वाटतात. ते तसे नाहीत. ते नुसते प्रतींचे क्रमांक आहेत.

२०डब्ल्यू-५० हे उदाहरण घेऊ. यातील ५० हा गरम इंजिनाचा आकडा आहे. १०० अंश सेल्सियसला या तेलाची श्यानता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असावी लागते. ४० क्रमांकाच्या तेलाची १२.५ ते १६.३, आणि ३० क्रमांकाच्या तेलाची ९.३ ते १२.५. तुलनेसाठी, खोलीतल्या साध्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. आकड्यापुढचा 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे १५ अंशांना घेतात आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. एवढ्या थंडीत इंजिन फिरवता आले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात कोणत्या गावी पारा उणे १५ वर जातो? निफाडला थंडी पडते आणि महाबळेश्वरला हिमकण दिसतात, तरी आपण शून्याच्या आसपासच असतो. तेव्हा ५डब्ल्यू तेलाचा खरा उपयोग हिमप्रदेशात. सकाळी इंजिन चालू करताना ते थोडे लवकर वर पोहोचते हे खरे, पण आपल्याकडे जुन्या गाडीला पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा. इंजिन झिजले की बेअरिंगमधल्या फटी रुंदावतात. रेनॉल्ड्स यांच्या गणितात फट वाढली की तरंग टिकवायला दाट तेल लागते. ३० क्रमांकाचे पातळ तेल आजच्या बारीक फटींच्या इंजिनांसाठी, पेट्रोल वाचवण्याच्या हेतूने पुढे आले. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा आराखडा १९५० च्या दशकातला. त्याला ते अंगाला सैल होणाऱ्या सदऱ्यासारखे व्हायचे.

एकाच तेलाला दोन आकडे कसे? खनिज तेल तापले की झपाट्याने पातळ होते. हा बदल किती होतो हे मोजण्यासाठी डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये एक निर्देशांक सुचवला. मग तेलात लांब साखळ्यांचे बहुवारिक पदार्थ मिसळण्याची युक्ती आली. गार तेलात या साखळ्या गुंडाळून पडतात, तापल्या की उलगडतात आणि तेलाला पातळ होऊ देत नाहीत. असे तेल थंडीत २०डब्ल्यूसारखे आणि उष्णतेत ५० सारखे वागते. पण या साखळ्या तुटतातही. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल होते. गिअरच्या दात्यांत सापडून साखळ्यांचे तुकडे होत. अशा गाड्यांमुळे २०डब्ल्यू-५० तेलाला चांगलीच ओळख मिळाली. तेल वापराने 'पातळ पडते' असे मेकॅनिक म्हणतो, त्याचे एक कारण हे.

अक्षरांची शिडी

डब्यावर एपीआय एसएन, एसपी अशी अक्षरेही असतात. त्यांचीही एक गोष्ट आहे.

१९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत रिंगा चिकटून बसू लागल्या. तेल चांगले होते, पण जळक्या चिकट्याला धरून ठेवण्याचा गुण त्यात नव्हता. तेव्हा तेलात साबणासारखे गुण असलेली प्रक्षालक द्रव्ये मिसळण्यास सुरुवात झाली. ही द्रव्ये काजळीचे कण सुटे ठेवतात आणि तेलात तरंगत ठेवतात. गंमत अशी की, त्यामुळे चांगले तेल लवकर काळे दिसते. तेल काळे पडले म्हणजे ते खराब झाले असे नव्हे. ते आपले काम करीत आहे असाही त्याचा अर्थ असतो. उलट, सरांच्या पट्टीवरचे तेल शेवटपर्यंत फारसे काळे दिसत नव्हते, म्हणून ते निर्धास्त राहिले.

१९४० च्या दशकात झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी, हे द्रव्य तेलात आले. ते आणले होते तेल सडू नये आणि बेअरिंगचा धातू खाल्ला जाऊ नये म्हणून. त्याचा सर्वांत मोठा गुण नंतर उमगला. जेथे तेलाचा तरंग टिकत नाही, तेथे दाबाने आणि उष्णतेने ते विघटित होऊन धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर देते. म्हणजे टॅपेट आणि कॅम यांचे कवचच.

अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने (एपीआय) १९४७ मध्ये तेलांचे गुणांनुसार तीन वर्ग केले. पुढे अक्षरांची पद्धत आली, आणि पेट्रोल इंजिनांसाठी एसएपासून सुरू झालेली शिडी एसएफ (१९८०), एसजे (१९९६), एसएल (२००१), एसएम (२००४) अशी चढत २०२० मध्ये एसपीपर्यंत पोहोचली. सर्वसाधारण नियम असा की वरची पायरी खालच्या पायऱ्यांची जागा घेऊ शकते. म्हणजे जुन्या पुस्तिकेत एसई किंवा एसएफ लिहिले असेल, तर आज तेच अक्षर शोधत बसण्याची गरज नाही.

या नियमाला एक खोच आहे. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि झेडडीडीपीतला फॉस्फरस त्यांना विषासारखा बाधतो असे दिसले. म्हणून पातळ प्रतींच्या तेलांतील फॉस्फरसवर मर्यादा आली. १९९६ च्या सुमारास ती ०.१० टक्के होती, २००४ नंतर ०.०८ टक्के झाली. त्यानंतर अमेरिकेत जुन्या गाड्यांचे कॅम झिजल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यात दोष तेलाचा किती आणि सुट्या भागांच्या दर्जाचा किती, यावर जाणकारांत मतभेद झाले. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की ही मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ प्रतींना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. आपल्या देशात चार महानगरांतील नव्या गाड्यांना कन्व्हर्टर लागू झाले ते १९९५ साली. सरांच्या १९८६ च्या गाडीत ते नाहीच. तेव्हा त्याच्या रक्षणासाठी केलेल्या तडजोडीची तिला गरज नाही.

मीटरवर न दिसणारे पाणी

आता मुख्य प्रश्न. बावीसशे किलोमीटरमध्ये तेल खराब झाले कसे?

हे गणित दहावीच्या वर्गात करता येईल. पेट्रोलऐवजी सोयीसाठी ऑक्टेन धरू. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळले की एक लिटरहून किंचित जास्तच पाणी! गाडी लिटरला बारा किलोमीटर देते असे धरले, तर मंडईच्या चार किलोमीटरच्या फेरीत सुमारे साडेतीनशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक धुराड्यावाटे जाते. थोडा अंश मात्र रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरतो.

गाडी तासभर धावली तर तेल तापते, वाफ होऊन हे पाणी निघून जाते. पण दोन किलोमीटरमध्ये तेल तापतच नाही. पाण्याचा काटा वर आला तरी तेल त्याच्या मागे असते. गार भिंतीवर वाफेचे पाणी होते, तेलात घुसळले जाते आणि लोण्यासारखा थर तयार होतो. त्यातच चोक ओढून चालू केलेल्या इंजिनात न जळलेले पेट्रोल उतरते आणि तेल पातळ करते. आम्लेही तयार होतात. पूर्वी शिसेयुक्त पेट्रोलमुळे ती अधिक होत. देशभर शिसे बंद झाले २००० साली, आणि २०२० पासून पेट्रोलमधले गंधकही फार कमी झाले. म्हणजे जुन्या नियमाची काही कारणे आज उरली नाहीत. पाणी मात्र रसायनशास्त्राच्या नियमाने पूर्वीइतकेच तयार होते.

याच्याशेजारी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ठेवून पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत तिने मुंबईच्या रस्त्यांवर सेवा दिली. जात तीच, कारखाना तोच, कुर्ल्याचा. दिवसाला शंभर किलोमीटर धरले तर टॅक्सीचे पाच हजार किलोमीटर पन्नास दिवसांत होतात, आणि त्यातला बहुतेक काळ इंजिन तापलेले असते. सरांच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सात वर्षे लागली असती. दोघींना एकच आकडा लावणे म्हणजे रोज शेतात राबणाऱ्याला आणि घरी बसणाऱ्याला एकच पथ्य सांगण्यासारखे आहे.

हे ओळखून १९८० च्या दशकात जनरल मोटर्स कंपनीतील शर्ली श्वार्ट्झ आणि डॉनल्ड स्मोलेन्स्की यांनी एक पद्धत बसवली. त्यांनी अंतर मोजणे सोडले. इंजिनाने किती फेरे घेतले आणि त्या वेळी तेल किती तापलेले होते, यावरून तेलाचे उरलेले आयुष्य ठरवायचे. फार गरम तेल ऑक्सिडीकरणाने लवकर संपते. फार गार तेल पाण्याने आणि इंधनाने लवकर संपते. मधल्या तापमानात ते सर्वांत जास्त टिकते. अंतर हा तेलाच्या कष्टाचा फक्त अंदाज होता, आणि मोजायला सोपा म्हणून तो नियम होऊन बसला होता.

सरांची नवी वही

मंडळात बराच खल होऊन जे ठरले ते असे. तेल खनिज, २०डब्ल्यू-५०. न मिळाल्यास २०डब्ल्यू-४०. महाग सिंथेटिक वाईट नाही. पण ते फार तापमानात आणि फार काळ टिकते म्हणून महाग असते. येथे तेल पाण्याने बिघडते आणि वर्षाला बदलावेच लागते, तेव्हा तो गुण वाया जातो. चिकटा धुऊन काढल्यानंतरचे पहिले तेल आणि गाळणी पाचशे किलोमीटरलाच बदलायची, कारण उरलेला गाळ नवे तेल सोडवून आणील. पुढे पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. फक्त मंडईच्याच फेऱ्या होणार असतील तर सहा महिने. आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे पंधरवड्यातून एकदा गाडी तीस किलोमीटर सलग फिरवून आणायची.

नव्या गाड्यांसारखे दहा-पंधरा हजार किलोमीटर या गाडीला चालणार नाहीत, हेही सांगायला हवे. कार्ब्युरेटर, चोक आणि झिजलेल्या रिंगा तेलात जास्त घाण सोडतात. जुना आकडा एका बाजूने सैल ठरला म्हणून दुसऱ्या बाजूने तो ताणावा असे नाही. उलट नव्या गाडीचे तेल तीन हजार मैलांना बदलणे हा अपव्यय आहे. कॅलिफोर्नियातील कचरा-पुनर्वापर खात्याने या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकांना हेच सांगण्याची मोहीम काढली होती. तेथे प्रश्न होता वाया जाणाऱ्या तेलाचा.

तो आपलाही आहे. जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून दारांना फासणे किंवा अंगणात ओतणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्यात जड धातू आणि विषारी हायड्रोकार्बने असतात आणि ती विहिरीपर्यंत जाऊ शकतात. भारतीय नियमांत वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्येच द्यावे.

वर्गासाठी दोन प्रयोग सुचवतो. दोन सारख्या काचनळ्यांत एरंडेल आणि शेंगदाण्याचे तेल घेऊन त्यांत सारखी छर्रे सोडा आणि तळाला जायचा वेळ मोजा. मग नळ्या कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. कोणते तेल अधिक 'पातळ पडले'? दुसरा प्रयोग गाळणकागदाचा. पट्टीवरच्या तेलाचा एक थेंब कागदावर सोडून रात्रभर ठेवा. काजळी सारखी पसरत गेली असेल तर प्रक्षालक द्रव्ये अजून काम करीत आहेत. मधेच काळा ठिपका गोठून राहिला असेल तर ती संपत आली आहेत. ज्यांच्या घरी दुचाकी आहे ते विद्यार्थी नमुने आणतील. हात साबणाने धुवायला मात्र सांगावे.

सरांनी वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. तारीख आणि किलोमीटर यांच्या शेजारी ते लिहितात: 'इंजिन पूर्ण तापले का?' आम्ही वही चाळली तेव्हा त्या रकान्यात सलग चार रविवार 'नाही' असे लिहिलेले होते, आणि पाचव्या रविवारी 'होय, खडकवासल्यापर्यंत'.